उत्तर माहीत असूनही गप्प राहायला शिकताना

वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, गावी, कराडजवळ. मी पाटावर बसलेलो, बोटात दर्भाचं पवित्रक, आणि मांडीशेजारी उपरण्याखाली ठेवलेला फोन सारखा थरथरतोय. तिसऱ्यांदा वाजल्यावर गुरुजीच म्हणाले, घ्या एकदाचा. पलीकडे आमच्या शॉपमधला, म्हणजे कारखान्यातला, मशीन ऑपरेटर, "सर, बोअर चार मायक्रॉन लहान येतोय, ऑफसेट किती देऊ?" मी म्हणलं चार दे. फोन ठेवला आणि पुढचा विधी सुरू झाला.

आता बघा, त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि ऑफसेट म्हणजे मशीनला आकड्यात द्यायची दुरुस्ती. चार लहान येतंय तर चार द्यायचं हे त्या पोराला कळत नव्हतं असं अजिबात नाही, आयटीआय झालेला, दीड वर्ष तेच मशीन चालवणारा पोरगा. त्याला माझा होकार हवा होता, म्हणजे उद्या जॉब, मशीनवरचा तो पार्ट, बाद गेला तर "सरांनी सांगितलं होतं" म्हणता येईल. ही सवय त्याला मीच लावली होती. पण हे मला तेव्हा नाही कळलं, तेव्हा उलट बरं वाटलं होतं की माझ्यावाचून पान हलत नाही.

जेवणं झाल्यावर अण्णा, म्हणजे माझे चुलते, ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. अण्णांनी गावच्या तालमीत आयुष्यभर पोरं घडवली, सगळा गाव त्यांना वस्ताद म्हणतो. ते म्हणाले, "एवढी पोरं हाताखाली हायत, आन् एकाला बी ठरवता येईना व्हय? मग त्यास्नी शिकवलंस काय?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण रात्री एसटीने पुण्याला परत येताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत. सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथच्या, १४ मशीन, तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी, ऑटोमोबाईलचे छोटे छोटे पार्ट, बुश, स्लीव्ह, पिन असं सगळं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इथेच ऑपरेटर म्हणून लागलो, मग सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, झालो, आणि चांगला सेटर आहे म्हणून सुपरवायझर केलं. इथेच खरी गोची झाली असं मला आज वाटतं. कारण मी सुपरवायझरच्या खुर्चीत बसूनही सेटरचंच काम करत राहिलो, फक्त दुसऱ्यांच्या हातांनी. मशीनचा आवाज जरा बदलला की मी केबिनमधून उठणार, ऑपरेटरला बाजूला सरकवणार, कीपॅडवर खटाखट ऑफसेट मारणार, "बघ आता" म्हणणार आणि निघून जाणार. पोरगा बघायचा. काय बघायचा देव जाणे, माझी पाठच बघायचा बहुतेक.

दिवसातून किती वेळा मला हाक यायची ते मी मोजलेलं नाही, पण दुपारचा डबा एका बैठकीत संपला असा दिवस आठवत नाही. घरी गेलो तरी दुसऱ्या शिफ्टचे फोन. बायको म्हणायची, तुझी शिफ्ट संपतच नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं, विषय होता कोचिंग. मला वाटलं नेहमीसारखं पीपीटी आणि समोसा. पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या आणि सांगितलं, समोरचा त्याची एक खरी अडचण सांगेल, तुम्ही दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, सल्ल्याला प्रश्नाचा वेष घालूनपण द्यायचा नाही, म्हणजे "तू असं का नाही करत?" हेही बाद. माझ्या जोडीला स्टोअरचा इनचार्ज होता. त्याने तोंड उघडून तीन वाक्यं बोलली असतील नसतील, माझ्याकडे उपाय तयार. मी एक मिनिटसुद्धा थांबू शकलो नाही. चार वेळा बाईंनी येऊन मला थांबवलं. आणि शेवटी स्टोअरवाला म्हणाला, "तुम्ही जे सांगत होता ती माझी अडचणच नव्हती हो." मला ते लागलं. वीस जणांसमोर म्हणून नाही, तर त्याची अडचण काय होती हे मला त्या क्षणीही माहीत नव्हतं म्हणून.

त्या ट्रेनिंगमध्ये ग्रो नावाची पद्धत शिकवली, चार पायऱ्यांची, म्हणजे काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं नक्की काय कधी करणार. दुसरे होते टोयोटाच्या कामाच्या पद्धतीचा अभ्यास करून मांडलेले पाच प्रश्न, ते मला जास्त जवळचे वाटले कारण ते शॉपफ्लोअरचेच आहेत. कुठवर पोचायचंय. आत्ता कुठे आहोत. आड काय येतंय. पुढचं पाऊल कुठलं आणि त्यातून काय होईल असं वाटतं. आणि त्या पावलातून काय शिकलो हे बघायला आपण कधी जायचं. हे मी एका कार्डावर लिहून आयकार्डच्या मागे घातले. अजून तिथेच आहेत, शाई पार पुसट झालीये.

आणि मग सोमवारी मी शॉपमध्ये प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सगळं फसलं.

हे नीट सांगतो, कारण ज्यांना हे करून बघायचंय ते इथेच सोडून देतात. आपल्याकडे साहेबाने प्रश्न विचारला म्हणजे ती चौकशी असते. मी पहिल्या पोराला विचारलं, "हा टूल का बदललास?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो एकदम अटेन्शनमध्ये, "सॉरी सर, परत नाही करणार." अरे, बरोबर बदलला होता त्याने! पण "का केलंस" हे आपण लहानपणापासून फक्त ओरडा खाताना ऐकलेलं, आईकडून, मास्तरांकडून, बापाकडून, त्यामुळे "का" कानावर पडला की माणूस उत्तर शोधत नाही, पळवाट शोधतो. मग मी "का" हा शब्दच सोडला. "काय दिसलं तुला, मग बदललास?" असं विचारायला लागलो. तेवढ्या फरकाने पोरं बोलायला लागली, "सर, फिनिश रेषा रेषा यायला लागली होती." म्हणजे कारण तेच, पण दुसऱ्या दाराने आत गेलो.

दुसरं, "तुला काय वाटतं?" हा प्रश्न. याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं, "तुम्ही सांगाल तसं सर." कितीही वेळा विचारा. कारण त्याला वाटतं साहेबाच्या मनात एक उत्तर आहे आणि ते मी ओळखायचंय, चुकलं तर हसं होणार. यावर मला इलाज सापडायला महिना लागला, आणि तो म्हणजे वाटण्याबद्दल विचारायचंच नाही, बघितलेलं विचारायचं. काय झालं, कितव्या जॉबला झालं, त्याआधी काय केलं होतंस, दुसऱ्या मशीनवर पण होतंय का. बघितलेलं सांगायला कुणी घाबरत नाही. आणि बघितलेलं सांगता सांगता वाटलेलं आपोआप बाहेर येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारून झाल्यावर समोरचा विचार करतोय तेवढा वेळ गप्प. हे इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मी हात मागे बांधून उभा राहायला लागलो, कारण हात मोकळे असले की ते कीपॅडकडे जातात. मनात आकडे म्हणायचो. बारा तेरापर्यंत गेलं की बहुतेक वेळा पोरगा बोलतो. आपण आजवर चारलाच तोंड उघडत होतो.

आता तो बुशचा किस्सा, कारण त्यानंतर माझं मतच बदललं.

ईएन८ स्टीलचा बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, बोअर ३२ एच७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर, पंचवीस मायक्रॉनची टॉलरन्स, चालण्यासारखा फरक. ३२.००० म्हणजे आमचा झिरो. याचे दुसऱ्या शिफ्टचे जॉब क्यूसीतून, म्हणजे तपासणी विभागातून, परत यायचे, गो गेज, म्हणजे बोअरमध्ये जायलाच हवा असा मापाचा तुकडा, जात नाही म्हणून. ऑपरेटर म्हणणार माझ्याकडे बरोबर होता, क्यूसीच्या ताई म्हणणार आमच्याकडे लहान आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. चार महिने हे चाललेलं. मी दर वेळी येऊन ठामपणे सांगायचो, इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, झिजतोय, बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहानच होणार, लवकर बदला. पोरं बदलायची. इन्सर्टचा खर्च वाढला, जॉब परत येतच राहिले.

त्या मशीनवर नांदेडचा एक पोरगा होता, अबोल, मान खाली घालून काम करणारा. एके दिवशी पुन्हा सात जॉब परत आले तेव्हा मी त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसलो. बसलो, हे महत्त्वाचं, उभं राहून विचारलं की परत चौकशी होते. म्हणलं, तू काय बघतोयस ते सांग.

"सर, माझ्याकडे रीडिंग चार पाच वर येतं. क्यूसीत गेलं की झिरोच्या खाली."

"सगळेच?"

"सगळे नाही."

मी गप्प. तो पण गप्प. शेजारच्या मशीनचा दरवाजा उघडला, बंद झाला.

"चहाला जाताना जो जॉब काढून ठेवतो ना सर, तो आल्यावर मोजतो, तो तिकडेपण तेवढाच येतो."

"मग त्या जॉबमध्ये आणि बाकीच्यात काय वेगळं आहे?"

हे विचारलं आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गरम. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. मी हात मागे घट्ट धरून बसलो. त्याने नुकताच निघालेला बुश उचलला, पुसला, बोअर गेज घालायला गेला आणि थांबला. बुश डाव्या मुठीत धरून ठेवला. मग ट्रेमधला जुना उचलला, तो उजव्या मुठीत. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हा गार आहे."

पुढचं सगळं त्यानेच केलं. मी फक्त विचारलं, आता काय करून बघशील? त्याने एकच बुश मशीनमधून काढल्या काढल्या मोजला, मग तो टेबलावर ठेवून दर पाच मिनिटांनी मोजत राहिला आणि इन्स्पेक्शन शीटच्या पाठीमागे पेनाने लिहीत गेला, ५, ३, १, ० आणि शेवटी उणे २. मेंटेनन्सकडून टेम्परेचर मीटर मागून आणला, प्रोब टेकवला तर जॉब पन्नाशीच्या आसपास आणि ज्या रिंगवर गेज सेट करतो ती रिंग तिशीला. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३२ च्या बोअरला २० डिग्रीच्या फरकाने सात मायक्रॉन. हा हिशोब मी डिप्लोमाला पाठ करून पेपरात लिहून आलेला माणूस, आणि चार महिने इन्सर्ट इन्सर्ट करत होतो. क्यूसीच्या एसी रूममध्ये जॉब आणि रिंग दोन्ही २० डिग्रीला आलेले असतात, म्हणून तिथलं रीडिंग खरं.

मग दुसऱ्याच शिफ्टला का? तेही त्यानेच शोधलं, पुढच्या दोन दिवसांत. पहिल्या शिफ्टच्या शेवटी इन्सर्ट बदलताना कुलंटची, म्हणजे जॉब गार ठेवणाऱ्या पाण्याची, नळी सरकायची, धार बोअरमध्ये न जाता बाहेरच्या अंगावर पडायची, आणि संध्याकाळपर्यंत टाकीची लेव्हलपण उतरलेली. त्यात मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं की बोअर खालच्या बाजूला ठेवा, लहान राहिला तर परत घेता येतो, मोठा झाला तर भंगार. म्हणजे सगळे चार पाच मायक्रॉनवर ठेवणार आणि त्यातले सात थंड झाल्यावर जाणार. माझीच सूचना आणि माझंच निदान, दोन्ही मिळून ते जॉब परत येत होते.

त्या पोराने एक कागद करून मशीनच्या दरवाजाशेजारी चिकटवला, शिफ्ट चालू करताना नळी बघा, लेव्हल बघा, जॉब रिंगशेजारी पंधरा मिनिटं ठेवून मग मोजा, आणि घाईत गरम मोजला तर १२ मायक्रॉनच्या वर ठेवा. त्यानंतर त्या बुशचं दुसऱ्या शिफ्टचं रिवर्क जवळजवळ बंद झालं. लोक मला म्हणतात की कोचिंग म्हणजे आपल्याला माहीत असलेलं उत्तर समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. मला हे पटत नाही. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते चार महिने चुकीचं होतं. मशीनसमोर आठ तास तो उभा असतो, मी नाही.

सगळं असं छान झालं नाही हेही सांगायला पाहिजे. पहिल्या दीड महिन्यात रिजेक्शन वाढलं. पोरांना म्हणलं होतं की दहा मायक्रॉनच्या आतला ऑफसेट तुम्ही स्वतः द्यायचा, मला विचारायचं नाही, फक्त शीटवर लिहायचं. एकाने चिन्ह चुकवलं. लहान करायच्या जागी मोठा केला, आणि दर दहा जॉबला एक मोजायचा नियम, त्यामुळे पुढचा मोजेपर्यंत दहा बुश भंगार. सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेबांनी ते दहा बुश टेबलावर मांडून ठेवले होते. विचारलं, ऑपरेटरला ऑफसेटची परवानगी कुणी दिली. मी म्हणलं मी दिली. त्यांनी विचारलं काढून घेणार का. मी म्हणलं नाही, मला तीन महिने द्या. ते नाराज झाले, पण दिले. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण वरच्याने एवढी कळ सोसली नाही तर खालच्याला हे करताच येत नाही, पहिल्या भंगारालाच सगळं जुन्या मार्गाला लागतं.

ज्याच्या हातून झालं तो पोरगा दिवसभर कुणाशी बोलला नाही. शिफ्ट संपल्यावर गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसलो दोघं. म्हणलं, सुरुवातीपासून सांग काय झालं, मी मध्ये बोलणार नाही. त्याने सांगितलं. शेवटी तोच म्हणाला, "सर, ऑफसेट दिल्यावर पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढची सायकल मारायचीच नाही, असं करूया." आता हे काही नवीन नाही, कुठल्याही चांगल्या शॉपमध्ये हाच नियम असतो, आमच्याही भिंतीवर लावलेला होता. पण भिंतीवरचा कुणी पाळत नव्हतं. त्याच्या तोंडून आलेला तो स्वतः तर पाळायला लागलाच, शेजारच्या मशीनवाल्यालाही टोकायला लागला.

एका माणसाच्या बाबतीत मात्र मी सपशेल चुकलो. आमचे सेटर मामा. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, चिपचा रंग बघून सांगणारे की आता इन्सर्टची धार गेली. त्यांनाही मी तेच प्रश्न विचारायला लागलो, कार्डावरचे. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "साहेब, माझी परीक्षा घेताय काय? काय करायचं ते सांगा, नाहीतर माझं मला करू द्या." बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली सेटिंग शिकलेला, आणि आता त्यांच्यापुढे वही घेऊन "आपल्याला कुठवर पोचायचंय मामा?" विचारतोय. तो त्यांचा अपमानच झाला. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मग आमचं ठरलं की आठवड्यातून एक दिवस त्यांनी मला आणि दोन पोरांना काहीतरी दाखवायचं, सॉफ्ट जॉ बोअर कसा करायचा, पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये धरताना प्रेशर किती ठेवायचं म्हणजे तो दबून वाकडा होत नाही, असलं. तिथे प्रश्न आम्ही विचारतो, पण शिकायला. त्यात ते खुलले. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

आणि नवीन अ‍ॅप्रेंटिस आला तर त्याला प्रश्न विचारत बसू नका, कृपा करून. ज्याला अजून व्हर्नियर वाचता येत नाही त्याला "तुला काय दिसतंय" विचारणं म्हणजे छळ आहे. त्याला दाखवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवखी माणसं घ्यावी लागली, तेव्हा त्यांनी काम शिकवायच्या चार पायऱ्या बसवल्या होत्या, आधी माणसाला निर्धास्त करा, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग एकटं सोडा पण मागून लक्ष ठेवा. युद्धानंतर हेच जपानमध्ये गेलं. त्यांचं एक म्हणणं होतं की शिकणाऱ्याला आलं नाही म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. हे मी आमच्या सेटर लोकांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, मग आमच्या शाळेतल्या अर्ध्या मास्तरांचं काय! पण पटलं सगळ्यांना.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा मुद्दाम पहाटे अण्णांबरोबर तालमीत गेलो. लहान पोरांना अण्णा अक्षरशः हाताने धरून उभं करतात, पाय इथं ठेव, कंबर खाली घे, मान अशी, एकेक अवयव जागेवर लावतात. आणि दोन मोठे पैलवान हौद्यात भिडले तेव्हा काठावर नुसते उभे. एक जण खाली सापडला, मिनिटभर सुटेना, मला वाटलं आता अण्णा डाव सांगतील. ते एवढंच म्हणाले, "श्वास घे रं." तो सुटला नाही, चीतच झाला. नंतर त्याला जवळ बोलावून विचारलं, "कवा सापडलास?" कसा नव्हे, कवा. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, आधीच, हात टाकला तेव्हाच. अण्णांनी मान हलवली आणि झालं. घरी येताना मी विचारलं, डाव का नाही सांगितला? तर म्हणाले, "मैदानात मी आत जानार हाय का?"

एक ठिकाण असं आहे जिथे मी आजही फक्त हुकूम देतो. सेफ्टी. दरवाजाचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय, बायपास केलेला दिसला, चक फिरत असताना कुणी हाताने चिप ओढताना दिसला, हातात ग्लोव्ह घालून फिरत्या जॉबजवळ गेला, तर तिथे "काय दिसतंय तुला" नाही. मशीन बंद, बाहेर ये. नंतर शांतपणे बोलू. यात मला कधीच दुमत वाटलं नाही.

अजून एक गाठ आहे ती मला सुटलेली नाही. वर्षाच्या शेवटी याच पोरांचं अप्रेझल मीच भरतो. ज्याच्यापुढे मनातलं बोलायचं, मला अमुक जमत नाही म्हणून कबूल करायचं, तोच इन्क्रिमेंट ठरवणार असेल तर कोण मोकळं बोलेल? फेब्रुवारी मार्च आला की पोरं परत गप्प होतात, सगळं जमतंय म्हणतात. मी एवढंच करतो की दर आठवड्याला प्रत्येकाबरोबर जी दहा मिनिटं बसतो, त्यातलं काहीही अप्रेझलच्या कागदावर येत नाही असा शब्द दिलाय आणि दोन वर्षं पाळलाय. तरी सगळ्यांचा विश्वास बसलाय असं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

नांदेडचा पोरगा गेल्या दसऱ्यानंतर गेला. खंडेनवमीला त्यानेच मशीनला झेंडूचा हार घातला, आणि पुढच्या आठवड्यात राजीनामा. चाकणला मोठ्या कंपनीत सेटर म्हणून, पगार बराच जास्त. मॅनेजर साहेब म्हणाले, बघ, तू शिकवलंस आणि दुसऱ्याने नेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, दोन दिवस वाईट वाटत होतं. पण तो इथेच राहावा म्हणून त्याला न शिकवणं हे माझ्याच्याने झालं नसतं. तो इंटरव्ह्यूला काय बोलला ते त्याने जाताना सांगितलं, त्यांनी बोअरच्या एका प्रॉब्लेमबद्दल विचारलं आणि याने आधी विचारलं की जॉब कितव्या मिनिटाला मोजलाय.

त्याच्या मशीनवर आता लातूरकडची एक मुलगी आहे, आयटीआय करून आलेली, आमच्या शॉपमध्ये मशीन चालवणारी पहिलीच. त्याचा कागद अजून दरवाजाशेजारी आहे, कुलंटचे डाग पडून कोपरे सुटलेत, आणि १२ चा आकडा खोडून तिने पेनाने १४ केलाय. उन्हाळ्यात रिंगपण गरम असते ना, मग १४ कशाला, असं मी तिला विचारणार होतो. मग म्हणलं आधी स्टूल घेऊन बसावं आणि ती काय बघतेय ते ऐकावं. उद्या गुरुवार, सुट्टी. शुक्रवारी बसणार आहे.